कुंपणाखालचं अळू

“ही पानं कुणी कापली?”

मिस्टर ग्रीव्ह्ज कुंपणाच्या बुडाशी ओणवे होऊन बघत होते. मी बटाटे लावायला सरी ओढत होते. एप्रिल सरत आला होता, ऊन पडलं होतं, पण त्या उन्हात ऊब म्हणून नव्हती. दोन स्वेटर घालून मी माती उकरत होते. मला वाटलं, असेल रोजचंच काहीतरी. कुंपणाच्या काटेरी झुडपात एका ब्लॅकबर्डच्या मादीने घरटं केलं होतं आणि ती अंड्यांवर बसलीय की नाही हे ग्रीव्ह्ज रोज सकाळी लांबून पाहून जात.

“कोल्हिणीने ओरबाडली असतील,” मी मान वर न करता म्हटलं. ग्रीव्ह्जच्या शेडखाली एक कोल्हीण व्याली होती आणि आमच्या वाफ्यांमधल्या सगळ्या नासधुशीचं खापर आम्ही तिच्यावर फोडत होतो.

“कोल्हीण सुरी वापरत नाही, मिसेस के.”

आमचं आडनाव खानविलकर. पहिल्या आठवड्यात त्यांनी ते म्हणून बघितलं, मग प्रामाणिकपणे हात टेकले आणि मिसेस के. वर आले. श्रॉपशरमधल्या त्या लहानशा गावात नगरपालिका लोकांना भाजीपाला लावायला जमिनीचे पट्टे भाड्याने देते. त्यातला एक आमचा होता, शेजारचा ग्रीव्ह्जचा. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, ऐंशीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी ते फक्त झोपायला जात असावेत.

मी फावडं टेकवून जवळ गेले. कुंपणाच्या सावलीत बाणाच्या टोकासारखी हिरवीगार, तुकतुकीत पानं दाटीने उगवली होती आणि त्यातला मोठा भाग कुणीतरी काढून नेला होता. उरले होते ते देठ बुडाशी तिरके कापलेले, सगळे एकसारखे. प्रत्येक गड्ड्यातलं मधलं, गुंडाळी न उलगडलेलं पान तेवढं जपून ठेवलेलं होतं.

अशी कापणी मी आयुष्यात एकाच जागी पाहिली होती. लांज्याला सासरी, न्हाणीच्या सांडपाण्यावर.

“माझ्या सासूबाईंनी नेली असतील,” मी म्हटलं. “काल त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. का हो?”

ग्रीव्ह्ज सावकाश सरळ उभे राहिले. “त्यांनी हातमोजे घातले होते का?”

“का?”

“ऑक्टोबरमध्ये मी तुम्हाला याच जागी लाल फळं दाखवली होती. आठवतं? एका उघड्या दांड्यावर गच्च बसलेली. म्हटलं होतं, मुलीला हात लावू देऊ नका, विषारी आहेत.”

आठवत होतं. भाजक्या मातीच्या रंगाची, मण्यांसारखी फळं. केतकीला मी तेव्हाच दटावून ठेवलं होतं. पण तेव्हा तिथे पान एकही नव्हतं.

“हे तेच झाड,” ते म्हणाले. “पानं वसंतात येतात आणि उन्हाळ्यात मरून जातात. फळं येतात तेव्हा पानांचा मागमूस नसतो, म्हणून लोकांना दोन्ही एकच आहेत हे कळत नाही. विष सगळ्यातच. पानात, देठात, कंदात.”

“कुणी खाल्लं तर?”

“खात नाही कुणी. पहिल्या घासालाच तोंडात सुया टोचल्यासारखं होतं. माणूस थुंकून टाकतो. गिळलं तर घसा सुजतो, बंदसुद्धा होऊ शकतो, पण गिळणार कोण?”

गिळणार कोण, हे मला माहीत होतं. तोंडात टोचलं की अख्खं जग थुंकतं. आम्ही चिंच वाढवतो.

मी जात्याच भित्री. त्या जमिनीच्या तुकड्यावर दीड वर्षात मी कशाकशाला घाबरले नव्हते? शरदात पाचोळ्याचा ढीग उचलला तर आत साळिंदराचं पिल्लू असावं तसा काटेरी गोळा, आणि मी केलेला आरडाओरडा फाटकापर्यंत गेला होता. तो हेजहॉग निघाला, हिवाळ्याच्या झोपेची तयारी करत होता बिचारा. थंडीत एक तांबड्या छातीचा रॉबिन माझ्या फावड्यामागोमाग फिरायचा, आणि तो डोळ्याला डोळा देऊन बघतो म्हणून मला त्याचीही धास्ती वाटायची. फेब्रुवारीत पाण्याच्या टाकीत बेडकांची अंडी तरंगायला लागली. मार्चमध्ये जुन्या सतरंजीचा तुकडा उचलला तर खाली चकचकीत तांबूस साप, आणि मी चप्पल तिथेच सोडून पळाले होते. ग्रीव्ह्जने तो उचलून तळहातावर घेतला. “हा साप नाही, मिसेस के. पाय नसलेला सरडा आहे. याचा डोळा बघा, हा पापणी मिटतो.” मी काही बघितलं नाही. एवढ्या सगळ्याचं भय माझं घेऊन झालं होतं, पण पानाला भ्यावं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आणि माईंना तर मुळीच नाही. माई म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी गेले आणि सुहासने, माझ्या नवऱ्याने, त्यांना डिसेंबरात इकडे आणलं. मेअखेरचं परतीचं तिकीट होतं आणि त्या तेवढ्याचीच वाट बघत असाव्यात असं मला वाटायचं. खिडकीशी बसायच्या. विचारलं तेवढंच बोलायच्या. जेवण म्हणजे ताटात बोट फिरवणं. “तुमच्या घरात बरा उबारा असतो,” असं म्हणायच्या. तुमच्या घरात. चार महिन्यांत एकदाही ‘आपल्या’ म्हणाल्या नाहीत, आणि मला ते दर वेळी लागायचं.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना ओढूनताणून पट्ट्यावर नेलं होतं. येताना त्यांच्या पदरात काहीतरी गाठोडं होतं आणि चेहऱ्यावर मी या देशात न बघितलेलं हसू.

“काय घेतलंत, माई?”

“उद्या कळंल. घरात चिंच हाय ना?”

चिंच होती. आमसुलं त्यांनी स्वतःच्या पेटीतून आणली होती. त्या सकाळी उठले तर माईंनी स्वयंपाकघरातून मला हाकललं. “केतकीचा डबा आज मी भरते. तू जा तुझ्या परड्यात.” घरभर लसणीच्या फोडणीचा आणि उकळत्या चिंचेचा वास सुटला होता. माई चार महिन्यांनी चुलीशी उभ्या राहिल्या याच आनंदात मी केतकीला शाळेत सोडून तशीच इकडे आले. डब्यात काय आहे ते विचारलं नाही. विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

“त्यांनी शिजवलंय,” मी ग्रीव्ह्जना म्हटलं. “आमच्याकडे अशीच पानं असतात. तीही खाजतात. आम्ही चिंच घालून खातो. आणि माझ्या मुलीचा डबा...”

ग्रीव्ह्जनी शेडला टेकवलेली सायकल ओढून घेतली. “शाळेत जेवायला कधी सोडतात?”

“आता. थोड्या वेळात.”

“मी शाळेत जातो. तुम्ही घरी पळा.”

“तुमचे गुडघे...”

“पळा, मिसेस के.”

फाटकाबाहेर रस्ता फुटतो. उजवीकडे शाळा, डावीकडे घर. मी तिथे थांबले. पाय उजवीकडे वळले होते. पोटच्या पोरीकडेच वळणार ते. पण ग्रीव्ह्ज सायकलवर टांग टाकून डगमगत उजवीकडे गेले होते आणि घरी माई एकट्या होत्या. मी डावीकडे पळाले. अजूनही कधी रात्री दचकून जागी होते ती त्या वळणावर.

कालव्याच्या काठाने पळताना मी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करत होते. माईंच्या घरात अळूचा एक नियम होता. लग्न होऊन गेले त्या पहिल्या पावसाळ्यात मला तो कळला होता. अळू चिरताना, शिजवताना, खाताना, ‘खाज’ हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारला की ती लागतेच. मी नवी नवरी, पहिल्या घासाला म्हटलं होतं, घशात जरा खाजतंय. सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. माईंनी काही न बोलता माझ्या ताटात चिंचेचा कोळ वाढला आणि मी पुन्हा तो शब्द कधी काढला नाही. त्या घरातल्या बायका ओठ सुजले तरी हूं की चूं करायच्या नाहीत. केतकीलाही त्यांनी हेच शिकवलं असेल तर? आजीने केलंय, बोलायचं नाही, गुपचूप संपवायचं. केतकी शहाणी मुलगी होती, आणि मला तिच्या शहाणपणाचीच भीती वाटत होती.

पुढचं दार आतून लावलेलं होतं. बेल वाजवली. हाका मारल्या. पत्रं टाकायच्या फटीला डोळा लावला तर अंधारा बोळ आणि पलीकडे स्वयंपाकघराचा उजेड. काही हलत नव्हतं.

“माई!”

मी घराला वळसा घालून मागे गेले. मागचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यावर माई बसल्या होत्या. भिंतीला डोकं टेकून, दोन्ही हात मांडीवर. शेजारी आमसुलाच्या पाण्याचा पेला अर्धा सांडलेला, आणि एक वाटी. पुसून खाल्लेली.

त्यांचा चेहरा माईंचा राहिला नव्हता. ओठ सुजून बाहेर आले होते, हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि ती पुसायचं भान नव्हतं. ज्या बाईने उभ्या जन्मात डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिचा पदर खांद्यावर पडला होता. श्वास घेताना घशातून बारीक शीळ येत होती.

“माई, केतकीच्या डब्यात काय दिलंत?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायला गेल्या. जीभ तोंडात मावत नव्हती. आवाज आला तो बोबडाही नव्हता, नुसता घरघराट.

“डब्यात हेच दिलंत? पोरीला हे दिलंत?”

माईंनी हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. मग पुन्हा उचलून पुन्हा ठेवला. मी, मी, असं.

“तुम्ही खाल्लंत ते दिसतंय मला. केतकीला दिलंत का?”

पुन्हा तेच. छातीवर हात. डोळ्यांतून पाणी आणि छातीवर हात. नाही म्हणायचं तर माणूस मान हलवतो, पण मान हलवली की त्यांचा श्वास कोंडत होता. मला वाटलं, चूक माझी, मी केलं, असं म्हणतायत. म्हणजे दिलंय.

फोन स्वयंपाकघरात भिंतीवर होता. आणीबाणीचा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, काय खाल्लंय त्यांनी? आणि मला आठवलं, ग्रीव्ह्जनी ऑक्टोबरात त्या झाडाचं नाव सांगितलं होतं. असं गमतीचं नाव की केतकी दिवसभर हसत होती.

“लॉर्ड्स अँड लेडीज,” मी म्हटलं.

“काय म्हणालात?”

“माझ्या सासूने लॉर्ड्स अँड लेडीज खाल्लेत. शिजवून.”

ती बाई मला वेडी समजणार आणि फोन ठेवणार, असं वाटून मला हुंदकाच फुटला. “झाड आहे ते. कुंपणाखालचं झाड. घसा बंद होतोय हो त्यांचा.”

तिने फोन ठेवला नाही. म्हणाली, बसवून ठेवा, आडवं करू नका, पाणी पाजू नका, गाडी निघाली आहे. मी लगेच शाळेचा नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. कुणीतरी त्या शाळेच्या फोनवर बोलत बसलं होतं, आणि त्या माणसाला मी मनात काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागच्या कुंपणावर रॉबिन बसून गात होता. गळ्यातून अशी सलग, सोपी तान निघत होती की त्याला दगड मारावासा वाटला.

मी माईंच्या मागे बसले आणि त्यांना माझ्या छातीशी टेकवून धरलं. अंगाला अंग कधी लागलं नव्हतं आमचं, नमस्कारापुरताच काय तो स्पर्श. त्यांच्या बरगड्या हाताला लागत होत्या. प्रत्येक शीळ आधीच्यापेक्षा बारीक येत होती. मी ऐकत होते आणि पुढची येईल ना म्हणून थांबत होते. आणि दर दोन शिळांमध्ये केतकी डब्याचं झाकण उघडत होती.

गाडी आली. हिरव्या कपड्यांतल्या दोघांनी माईंच्या दंडात सुई दिली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. त्यातला तरुण मला म्हणाला, “तुम्ही येताय ना?”

“माझी मुलगी शाळेत आहे. तिनेही खाल्लं असेल. कुणीतरी तिकडे गेलंय, पण...”

“आम्ही गाडीतून कळवतो. इस्पितळ शाळेला फोन करेल. पण आता निघायला हवं.”

माईंनी माझं मनगट धरलं होतं. धरलं म्हणजे असं, की सोडवायला बोटं उघडावी लागली असती. मी गाडीत बसले.

इस्पितळात त्यांना आत नेलं आणि मला बाहेर खुर्चीवर बसवलं. एक डॉक्टरीण येऊन सांगून गेली की सूज थांबली नाही तर घशात नळी घालावी लागेल, वय बघता धोका आहे, सही करा. मी सही केली. मुलीबद्दल विचारलं तर म्हणाली, शाळेचं ऑफिस म्हणतंय मुलगी वर्गात नाही, कुणीतरी वयस्कर गृहस्थ तिला घेऊन गेलेत. कुठे, ते त्यांना नीट सांगता आलं नाही.

म्हणजे तिला काहीतरी झालंय. नाहीतर घेऊन कशाला जातील? मी देवाचं नाव घ्यायला लागले तर शब्दच सापडेनात. समोरच्या भिंतीवर वसंत ऋतूचं चित्र होतं, पिवळी फुलं आणि कोकरं. मी ती कोकरं बघत बसले. सुहास स्कॉटलंडमध्ये कामावर होता. त्याला काय सांगायचं, आई की मुलगी, कुठून सुरुवात करायची, याची मी मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटत होतं.

मग बोळाच्या टोकाचं दार ढकललं गेलं. ग्रीव्ह्ज. पँटचा एक पाय सायकलच्या क्लिपमध्ये अडकलेला, चेहरा चुन्यासारखा पांढरा, गुडघ्यावर रक्त. एका हातात केतकीचा हात, दुसऱ्या हातात तिचा निळा डबा, अंगापासून लांब धरलेला, आत साप असल्यासारखा.

केतकी रडत होती. पण रडत होती ती रागाने, भरपूर आवाजात, मोकळ्या घशाने. तिचा आवाज ऐकूनच माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

“आई, यांनी माझा डबा घेतला! मला भूक लागलीय!”

“खाल्लंस का? केतकी, एक तरी घास खाल्लास का?”

“उघडलाच नाही! हे आले आणि ओढलाच!”

“मला माफ करा,” ग्रीव्ह्ज धापा टाकत म्हणाले. “तिथल्या बाईंना समजावण्यात वेळ गेला असता. मी सरळ जेवणघरात शिरलो. मग हिला तिथे ठेवायचा धीर झाला नाही, म्हणून टॅक्सीने दोघं तुमच्या घरी गेलो, तिथे शेजारणीने सांगितलं.”

मी डबा उघडला. झाकण हातातून निसटून खाली पडलं.

पोळी आणि पिवळीधमक बटाट्याची भाजी. वर कोथिंबीर. कोपऱ्यात गुळाचा खडा. अळूचा कणसुद्धा नव्हता.

मी खुर्चीवर बसून त्या बटाट्याच्या भाजीकडे बघत राहिले. केतकीने तो डबा माझ्या मांडीवरून उचलला आणि तिथेच खायला बसली. ग्रीव्ह्ज तिच्यासमोर उभे राहून तिचा प्रत्येक घास खाली उतरताना बघत होते. पुष्कळ वेळाने ते टेकले.

संध्याकाळी सूज उतरायला लागली. नळी घालावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं तेव्हा माई उशीला टेकून बसल्या होत्या आणि पदर डोक्यावर होता. इस्पितळाच्या गाऊनवर त्यांनी तो कसा चढवून घेतला होता, देव जाणे. आवाज फाटका, पण शब्द कळत होते.

“पोर कशी हाय?”

“छान आहे. माई, तिला बटाटा दिलात आणि स्वतः ते खाल्लंत. का?”

“पानी ठरत होतं.”

“काय?”

“पानं धुतली तवा. अळवावर पानी ठरत नाय, पळतं. ह्याच्यावर ठरत होतं. म्हटलं, हितली माती येगळी, हितलं पानी येगळं, हितलं अळू पण जरा येगळं आसंल.” त्या थांबल्या, थुंकी गिळली, चेहरा कळवळला. “नव्या जागचं अळू आधी पोराबाळांना द्याचं नसतं. आधी थोरलीनं खायाचं. दिवसभर बघायाचं. मंग बाकीच्यांनी. आमच्या सासूबाईंनी तसंच केलं, त्यांच्या सासूनं तसंच.”

“मग पहिल्या घासाला लागलं तेव्हा थांबायचं ना. वाटी संपवलीत?”

“पयला घास तर घरच्या अळवाचा पण लागतोच. थांबलं तर कळनार कसं? तू येऊन पोरीला वाढलं आसतंस मंग.”

त्यांनी हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. तसाच, कालच्यासारखा.

“तेच तर सांगत होते तुला. पोर नाय, मी. आपल्या घरात थोरली मी ना?”

मी उठले आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसले. मग रडले. काल दिवसभर साठलेलं सगळं तिथे, त्या चादरीत रडले. माई माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या इंग्रज बाईने तोंड पलीकडे वळवलं.

मेअखेरचं तिकीट सुहासने पुढे ढकललं. माईंनीच सांगितलं, पावसाळ्यानंतर बघू. इकडे पावसाळा असा वेगळा नसतो हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बर्मिंगहॅमच्या देशी दुकानातून आम्ही अळकुड्या, म्हणजे अळूचे कंद, आणल्या आणि ग्रीव्ह्जच्या काचघरात लावल्या. त्यांनी टोमॅटो एका बाजूला सारून जागा करून दिली. जूनमध्ये ब्लॅकबर्डची पिल्लं उडून गेली. जुलैमध्ये कोल्हिणीची पोरं भरदुपारी वाफ्यांतून हुंदडायला लागली आणि माई त्यांना हातवारे करून हाकलायच्या. कुंपणाखालची ती पानं पिवळी पडून विरघळून गेली. सप्टेंबरात त्या जागी उघड्या दांड्यांवर लाल मणी धरले, आणि काचघरात माईंच्या कमरेला लागेल एवढं अळू झालं. माईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ओंजळीने पाणी घेऊन पानावर टाकलं. पाणी पळालं.

त्या रविवारी त्यांनी अळूचं फदफदं केलं. पट्ट्यावरच, ग्रीव्ह्जच्या स्टोव्हवर. सुहास, केतकी, मी आणि ग्रीव्ह्ज असे त्यांच्या शेडसमोर बसलो होतो. माईंनी एक वाटी भरली आणि स्वतःसमोर ठेवली. बाकीच्या रिकाम्याच.

“त्या आम्हाला देत नाहीयेत,” ग्रीव्ह्ज म्हणाले.

“नव्या जागेचं आहे ना. आधी घरातल्या थोरल्यांनी खायचं.”

ग्रीव्ह्जनी मला विचारलं, “तुमच्या सासूबाईंचं वय काय?”

“सहासष्ट.”

त्यांनी हात लांब केला आणि माईंच्या समोरची वाटी स्वतःकडे ओढली. माई चमकून माझ्याकडे बघायला लागल्या.

“काय म्हनतायत?”

“म्हणतायत, ते तुमच्यापेक्षा मोठे आहेत.”

माईंनी पदर सारखा केला.

ग्रीव्ह्जनी चमचा भरला. आयुष्यभर लोकांना त्या पानापासून लांब ठेवत आलेला माणूस, आणि दिसायला हे पान अगदी त्याचंच मोठं भावंड. चमचा तोंडाशी नेताना थोडं फदफदं खाली सांडलं. त्यांनी डोळे मिटले आणि घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. तोंडाशी आलेला एक प्रश्न मी गिळला, कारण अळू खाताना तो शब्द काढायचा नसतो.

ग्रीव्ह्जनी डोळे उघडले. दुसरा चमचा घेतला. मग तिसरा.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

मी माईंना सांगितलं. माईंनी मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली, आणखी थोडा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. मग पळी माझ्या हातात दिली.

“थोरल्यांचं झालं,” त्या म्हणाल्या. “आता पोरीला वाढ.”